एका खोलीची मालकी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळी मराठी मुलखात रूढ झाली, त्या काळी घर बांधण्याची गोष्ट बोलली जाई, विकत घेण्याची नव्हे. ज्याची जमीन त्याचे घर, हा सरळ हिशेब होता. घराला पाया असे, परसू असे, विहीर असे, पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन किंवा क्रूस असे. जिची जमीन हे खालच्या कुटुंबाचे छत आणि जिचे छत ही वरच्या कुटुंबाची जमीन, अशी अधांतरी खोली पैसे मोजून ‘आपली’ म्हणता येईल, हे त्या म्हणीच्या कर्त्याला सांगूनही पटले नसते.

आज मात्र शहरातील सामान्य नोकरदाराच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार हाच असतो. शांत वस्तीतील एक लहानसा गाळा, एकाच दालनात बैठक, शेज आणि एका कडेला स्वयंपाकाचा ओटा. जाहिरातीत त्याला ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ म्हणतात. स्टुडिओ ही वास्तविक चित्रकाराची कामाची खोली. पण ज्या गोष्टीस नुसते ‘एक खोली’ म्हटल्याने किंमत येत नाही, तिला परभाषेतील नाव देण्याचा व्यापाऱ्यांचा प्रघात जुनाच आहे. नाव काही असो. प्रश्न असा की, अशी खोली विकत घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो? भिंती, जमीन, की एखाद्या संस्थेचे सभासदत्व? या प्रश्नाचे उत्तर शोधताना सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग मुंबई शहरात घडला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाच्या गिरण्या, गोदी आणि आगगाडी यांनी कोकण, देश आणि गोवा येथील माणूस मुंबईत ओढून आणला. त्याला राहण्यासाठी चाळ निर्माण झाली. लांबलचक सज्जा, त्यावर एकापुढे एक उघडणारी दारे, प्रत्येक दारामागे एक खोली, आणि सज्ज्याच्या टोकाला सर्वांचा मिळून नळ व शौचकूप. या खोल्या भाड्याच्या असत. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतील दोनतृतीयांशांहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडातच राहत होते. म्हणजे एका खोलीचे घर ही आजच्या काळाची नवलाई नव्हे. ती या शहराची जुनी स्थिती आहे. नवी आहे ती तिची मालकी.

गोव्याहून आलेल्या माणसाने याच अडचणीवर आपल्या परीने एक तोड काढली होती. धोबीतलाव आणि आसपासच्या भागात गावागावांच्या ‘कूड’ उभ्या राहिल्या. एका गावच्या लोकांनी मिळून जागा भाड्याने घ्यायची, अल्पशी वर्गणी ठेवायची, आणि जहाजावर नोकरी करणाऱ्या किंवा नोकरीच्या शोधात आलेल्या गावकऱ्याला तेथे पेटी ठेवण्यापुरती व पाठ टेकण्यापुरती जागा द्यायची, असा हा व्यवहार. भिंतीशी रांगेने पेट्या, एका बाजूस गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेला रोझरी. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत अशा अनेक कूड नांदल्या. तेथे मालकी कोणाची नव्हती. पण ‘हक्काची जागा’ ही भावना मात्र प्रत्येकाची होती. घराच्या इतिहासात या भावनेला कागदाइतकेच मोल आहे, हे पुढील हकिकतीवरून दिसून येईल.

शहराला घराविषयी विचार करण्यास भाग पाडले ते एका रोगाने. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागातील एका रुग्णास गाठीचा प्लेग झाल्याचे डॉ. अकासिओ गाब्रियेल व्हिएगास यांनी ओळखले. बार्देशातील हडफडे गावात जन्मलेले हे गोमंतकीय डॉक्टर पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो चित्रपटगृहासमोरच्या उद्यानातील त्यांचा पुतळा आजही येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडतो. प्लेगने हजारो माणसे नेली आणि लाखोंना शहर सोडून पळावयास लावले. त्या काळच्या अधिकाऱ्यांना आणि डॉक्टरांना रोगाचा उगम कोंदट, अंधाऱ्या, हवाबंद खोल्यांत दिसला. त्यांचे शास्त्र पूर्णतः बरोबर नव्हते. उंदीर आणि पिसवा यांचा या रोगातील भाग त्यानंतर सिद्ध झाला. परंतु त्या अपुऱ्या शास्त्रातूनही एक चांगले फळ आले. १८९८ मध्ये कायद्याने मुंबईचा ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला.

या ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि नव्या जमिनी आखून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिल्या. त्याचे सर्वच काम स्तुत्य होते असे नाही. जितक्या गरिबांची बिऱ्हाडे मोडली तितक्यांना नवी मिळाली नाहीत, आणि विस्थापितांची गर्दी शेजारच्या चाळींत जाऊन साचली. पण ‘शांत वस्ती’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ या ट्रस्टच्या नकाशांतून आला, हेही तितकेच खरे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम हिरिरीने पुरस्कारिला. खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक चढती असू नये, असा तो नियम. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. खोलीत आकाशाचा उजेड यावा, यासाठी भूमितीला कायद्याच्या कामी लावल्याचे हे उदाहरण आहे.

गावदेवी, दादर, माटुंगा या भागांची आखणी याच ट्रस्टने केली. दादर-माटुंग्यास तळमजल्यावर आणखी दोनच मजले चढविण्याची मर्यादा घातली, इमारतीभोवती मोकळी जागा राखली, रस्त्यांच्या कडेने झाडे लावली. ट्रस्टच्या सेवेतील अभियंते मंचेरजी जोशी यांनी दादरच्या पारशी वसाहतीसाठी १०३ भूखंड राखून घेतले. तेथील रस्त्यांवर एकेका जातीच्या झाडांच्या रांगा लागल्या. तेथील शांतता ही निसर्गाची देणगी नव्हती. ती नियमांनी घडविलेली वस्तू होती, आणि नियम सैल होताच ती नाहीशीही होऊ शकते. शांत वस्तीत घर घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे बरे.

हाच विचार त्या काळी इतर नगरांतही चालू होता. हैदराबादेत १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर नगररचनेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ निघाले. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाने १९१६ मध्ये वडोद्यासाठी आणि १९१८ मध्ये इंदूरसाठी नगररचनेचे अहवाल लिहिले. सरसकट पाडापाडीला गेडिस यांचा विरोध होता. जेथे एक भिंत काढून उजेड येतो तेथे आळी का पाडावी, असा त्यांचा प्रश्न असे. घर म्हणजे केवळ निवारा नव्हे, तर माणसाचे शेजारपाजाऱ्यांशी असलेले नाते, हे त्यांनी अधिकाऱ्यांना परोपरीने सांगितले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून तेच आले.

इथवर घर भाड्याचेच होते. भाडेकरूला मालकीच्या वाटेवर आणले ते सहकाराने, आणि सहकाराच्या या कथेत महाराष्ट्राबाहेरील मराठी नगरांचाही मानाचा वाटा आहे. १८८९ मध्ये वडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ काढली. परस्परांच्या बचतीतून परस्परांना कर्ज देणारी ही देशातील अगदी पहिली संस्था मानली जाते. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९०५ मध्ये त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील, आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी सिद्दनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी उभारली. १९०४ चा कायदा केवळ पतपुरवठ्यापुरता होता. १९१२ मध्ये नवा कायदा आला आणि इतर कामांसाठीही, म्हणून घरांसाठीही, सहकारी संस्था काढण्याची वाट खुली झाली.

ती वाट मुंबईत प्रथम चालून दाखविली श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी. उत्तर कानडा जिल्ह्यातून मुंबईस आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातील हे गृहस्थ. आपल्या गुरूंच्या नावाने त्यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली होती. त्यांच्या समाजातील बहुसंख्य माणसे कारकून, शिक्षक, कचेरीतील नोकर. पगार ठरलेला, भाडे चढते, आणि घरमालकाची मर्जी हाच एक आधार. १९१५ मध्ये तालमकी यांनी गावदेवीस ‘सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था’ स्थापन केली. देशातील या प्रकारच्या पहिल्यावहिल्या संस्थांत तिची गणना होते. ताडदेवची तालमकीवाडी त्यांचे नाव आजही सांगते.

या संस्थेची घटना समजून घेण्याजोगी आहे, कारण आजच्या सोसायटीचे बीज तिच्यात आहे. इंग्लंडमध्ये १९०१ साली ईलिंग येथे भाडेकरूंनी एकत्र येऊन जी भागीदारीची पद्धत सुरू केली, तिच्याच वळणावर ही योजना होती. इमारत संस्थेची. सभासदाने संस्थेचे भाग घ्यावयाचे, म्हणजे तो संस्थेचा मालक. मग त्याच संस्थेकडून त्याने गाळा भाड्याने घ्यावयाचा, म्हणजे तो भाडेकरू. एकच माणूस दिवाणखान्यात भाडेकरू आणि सभेत घरमालक! भाडे ठरविणारा आणि भाडे भरणारा एकच झाल्यावर अवाच्या सवा भाडेवाढ कोण कोणावर लादणार? श्रीमंताच्या दयेवर किंवा सरकारच्या कृपेवर विसंबून न राहता, महिन्याच्या पगारातून चार पैसे बाजूला काढणाऱ्या माणसांनी घराचा प्रश्न सोडविला, हे या प्रयोगाचे खरे मोल आहे.

तालमकींचा कित्ता इतरांनी गिरविला. वांद्र्यास १९१८ मध्ये ‘साष्टी कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था’ निघाली आणि भाताची खाचरे व वाड्या होत्या तेथे बंगल्यांच्या ओळी उठल्या. त्या वेळच्या बहुतेक गृहसंस्था अशाच एकेका समाजाच्या होत्या. एकमेकांना ओळखणारी माणसेच एकमेकांच्या कर्जास जामीन राहतात, हे त्याचे व्यावहारिक कारण. परंतु या गुणातच एक दोष दडलेला होता. जे दार आपल्या माणसासाठी उघडते, तेच दार दुसऱ्यासाठी बंद होते. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. न्यायालयाने स्वेच्छेने एकत्र येण्याच्या हक्काकडे पाहिले. तथापि शहरात नव्याने आलेल्या, कोणत्याही मोठ्या समाजाचा आधार नसलेल्या माणसाने कोणत्या दाराशी जावे, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. नाव, धर्म, जात किंवा ताटातील अन्न पाहून घर नाकारले गेल्याची तक्रार आजही ऐकू येते. वस्तीची शांतता आणि वस्तीचा सोवळेपणा यांत फरक आहे. तो शहराने ओळखलाच पाहिजे.

या संदर्भात एका थोर पुरुषाच्या घरांची आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले. दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकांच्या दोन खोल्या; त्यांतील एक वाचनलेखनासाठी. पुढे १९३० नंतरच्या काळात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते प्रामुख्याने आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून. चाळही ट्रस्टची आणि कॉलनीची आखणीही ट्रस्टचीच. पण त्या दोन ठिकाणांमध्ये जे अंतर होते ते केवळ मैलांचे नव्हते.

सहकाराच्या जोडीला सरकारनेही एका खोलीचा मोठा प्रयोग केला. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उठल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटच्या या खोल्या आरंभी लोकांना रुचल्या नाहीत; पुष्कळशा रिकाम्या पडल्या. नंतर मात्र त्यांत तीनतीन पिढ्या वाढल्या. हा १६० चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांत १९९१ मध्ये घराचे क्षेत्र १८० चौरस फूट धरले होते, १९९५ नंतर २२५, २००८ च्या सुमारास २६९ आणि त्यानंतर ३००. म्हणजे शहरातील गरिबाची सरकारमान्य खोली जवळजवळ शंभर वर्षांत दुप्पटही झाली नाही. विकास खात्याच्या चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले. वरळीतील काही कुटुंबांना ती २०२५ मध्ये मिळाली.

मध्यमवर्गाच्या भाषेत या सुमारास एक नवा शब्द शिरला, ‘ब्लॉक’. माटुंगा, दादर, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह येथे १९३० नंतर ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत प्रत्येक बिऱ्हाडाचे नळ, न्हाणीघर आणि शौचकूप दाराच्या आत आले. आज यात काही विशेष वाटत नाही. त्या काळी मात्र शौचकूप स्वयंपाकघराच्या इतके जवळ आणणे जुन्या माणसांच्या शुचिर्भूतपणाच्या कल्पनेला मानवणारे नव्हते. म्हणून ते घराच्या अगदी मागील टोकास ठेवीत, आणि सफाई कामगाराने घरातून जाऊ नये म्हणून इमारतीच्या पाठीमागे वेगळा जिना काढीत. जुन्या इमारतींच्या मागील बाजूचे ते लोखंडी गोल जिने केवळ वास्तुकलेचा भाग नव्हेत. ते एका सामाजिक अन्यायाचे अवशेष आहेत. आजचा स्टुडिओ गाळा, ज्यात सर्व काही एका दाराआड येते, तो या ‘ब्लॉक’चाच आकसलेला वंशज होय.

तरीही हे ब्लॉक विकले जात नसत. ते भाड्याने दिले जात. मग विक्री सुरू झाली ती कशाने? त्याचे मोठे कारण युद्ध आणि त्याच्या मागोमाग आलेला भाडेनियंत्रणाचा कायदा. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हेच प्रमाण धरून गोठविले. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना या कायद्याने असंख्य भाडेकरूंचे छप्पर वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. पण वर्षे लोटली, महागाई वाढली, भाडे मात्र तेथेच राहिले. घरमालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली. पुढे १९६९ मध्ये सरकारला मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. नव्या भाडेकरूकडून ‘पागडी’ घेण्याचा व्यवहार अंधारात फोफावला. त्याला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने. आणि भांडवलवाल्याने साधा हिशेब केला: बांधून भाड्याने देण्यात राम नाही, बांधून विकून मोकळे व्हावे. भाडेकरूचे रक्षण करणाऱ्या कायद्याने अशा रीतीने नकळत ‘ओनरशिप फ्लॅट’ला जन्म दिला.

हा नवा व्यवहार आरंभी रानमोकळा होता. मजल्याचा तुकडा विकण्यासाठी कायद्याची तयार चौकट नव्हती. बिल्डर कागदावरच्या इमारतीसाठी पैसे घेई. तीच जागा दोघांना विके. नकाशा मधेच बदले. ताबा द्यावयास वर्षे लावी. आयुष्याची पुंजी देऊन बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती एका पावतीपलीकडे काही नसे. या गाऱ्हाण्यांतून महाराष्ट्राचा १९६३ चा मालकी हक्काच्या गाळ्यांचा कायदा झाला. त्याने बिल्डरवर अनेक बंधने घातली. जमिनीवरील आपला हक्क त्याने उघड करावा. किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवावा. मंजूर नकाशा घेणाऱ्याच्या संमतीवाचून बदलू नये. घेणाऱ्यांची सहकारी संस्था किंवा कंपनी स्थापून द्यावी, आणि शेवटी जमीन व इमारत यांचे खरेदीखत तिच्या नावे करून द्यावे. गैरवर्तन हा गुन्हा ठरला. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याची जोड मिळाल्याने तालमकींची जुनी भाडेकरू-भागीदारी आता लाखो कुटुंबांचा नित्याचा व्यवहार बनली. १९७० मध्ये अपार्टमेंट मालकीचा स्वतंत्र कायदा आला. त्यानुसार गाळ्याबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्साही प्रत्येकाच्या नावे होतो.

एक शंका मात्र उरली होती. सोसायटीतील गाळा ही सभासदाची मालमत्ता की नुसता राहण्याचा परवाना? १९७५ मध्ये सांताक्रूझच्या एका गाळ्यासंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा उलगडा केला. भाग आणि त्याला जोडलेला गाळ्याच्या उपभोगाचा हक्क हे दोन्ही मिळून मालमत्ताच होय. कर्जाच्या वसुलीसाठी ती जप्त होऊ शकते आणि विकलीही जाऊ शकते. दाव्यात हरलेल्या सभासदास हा निकाल कडू वाटला असेल. पण जी वस्तू जप्त होऊ शकते तीच गहाण ठेवता येते, हा व्यवहाराचा नियम आहे. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी गृहकर्ज देणारी ‘एचडीएफसी’ ही कंपनी काढली, आणि निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीची वाट न पाहता भर तारुण्यात कर्ज काढून घर घेण्याची चाल मध्यमवर्गात हळूहळू पडली.

या साखळीतील अलीकडचा दुवा म्हणजे २०१६ चा केंद्राचा स्थावर मालमत्ता कायदा. त्याने राज्याराज्यांत नियामक प्राधिकरणे आली. महाराष्ट्रात ती व्यवस्था १ मे २०१७ पासून सुरू झाली, आणि गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण येथेही त्याच कायद्याखाली प्राधिकरणे आहेत. करार नोंदविण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली. घेणाऱ्यांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच कामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन आले. ‘सुपर बिल्ट-अप’ नावाच्या फुगवलेल्या मापाऐवजी भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र, म्हणजे ‘कार्पेट’, सांगणे सक्तीचे झाले. लहान खोली घेणाऱ्यास हे विशेष उपकारक आहे, कारण तीनशे फुटांत पन्नास फुटांची लबाडी म्हणजे सहावा हिस्सा गेला. मात्र याच कायद्यात एक फट आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत गाळ्यांच्या योजनेला नोंदणीची सक्ती नाही. शांत गल्लीतील छोटेखानी इमारत नेमकी याच सवलतीत बसण्याचा संभव अधिक. तेथे घेणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांत तेल घालून कागद पाहिले पाहिजेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. एका खोलीचा मालक काय विकत घेतो? तो तीन वस्तू घेतो. पहिली, चार भिंतींतील जागा. ती डोळ्यांना दिसते आणि तिचीच सारी चर्चा होते. दुसरी, संस्थेतील सभासदत्व. ते भाग-दाखल्याच्या एका कागदावर असते. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत. तीन दालनांच्या मालकाइतकेच एका खोलीच्या मालकाचे मत सभेत मोजले जाते, ही सहकाराची समता. पण पहारेकरी, जिन्यावरचा दिवा, उद्वाहन यांसारखा सेवाखर्च आदर्श उपविधींप्रमाणे गाळ्यांच्या संख्येवर सारखा वाटला जातो. म्हणून लहान गाळेवाल्यास मोठ्याइतकाच भार उचलावा लागतो, ही त्याच समतेची दुसरी बाजू. अपार्टमेंट कायद्याखालील इमारतीत मत आणि खर्च दोन्ही हिश्श्याच्या प्रमाणात असतात. घर कोणत्या पद्धतीचे आहे, हे आधी विचारून घ्यावे ते यासाठी. गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तेथील पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, विवाहसमयी वेगळा करार झाला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते. विकणारा विवाहित असेल तर दोघांच्याही सह्या हव्यात.

तिसरी वस्तू म्हणजे जमीन. हीच बहुतेकांच्या विस्मरणात जाते. १९६३ च्या कायद्याखालील नियमांनी संस्था नोंदविल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे खरेदीखत करून द्यावे, असे बजावले होते. कित्येक संस्थांना ते दशके उलटली तरी मिळाले नाही. अखेर २००८ मध्ये कायदा दुरुस्त करून ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून सक्षम अधिकाऱ्याकडून खरेदीखत मिळविण्याची, सोय करावी लागली. भिंती दरवर्षी जुन्या होतात, त्यांची किंमत घटते. जमिनीची मात्र वाढते. इमारत जीर्ण होऊन पाडण्याची वेळ येते, तेव्हा ज्या संस्थेच्या नावे जमीन नाही तिच्या सभासदांच्या हाती मोडक्या भिंतींचीच मालकी उरते. आणि तो दिवस मोठ्या गाळेवाल्यापेक्षा एका खोलीच्या मालकाला अधिक जड जातो, कारण त्याच्यापाशी दुसरा आसरा नसतो.

गावदेवीच्या त्या कारकुनांनी १९१५ मध्ये जे ओळखले होते ते एवढेच, की एकट्या माणसाला शहरात जमीन परवडत नाही. पण अनेकांना मिळून परवडते. खोली ज्याची त्याची असली तरी तिच्याखालची जमीन सर्वांची मिळूनच असू शकते. म्हणून खोली निवडताना खिडकीतून येणारा वारा पाहावा, रस्त्यावरची झाडे पाहावीत, नळाला पाणी किती वेळ येते तेही विचारावे. आणि मग संस्थेच्या चिटणीसाकडे जाऊन जमिनीचे खरेदीखत झाले आहे काय, असे स्पष्ट विचारावे, आणि झाले असेल तर त्याची प्रत मागावी. झाले नसेल, तर ते करून घेण्यासाठी पुढच्या सभेत जो हात वर होईल तो त्या नव्या, एका खोलीच्या मालकाचाही असला पाहिजे.